मुनशी गेला म्हणतात

मन्मथ,

तू गेल्याची बातमी शिरूरमध्ये कशी फिरली, ठाऊक आहे का? "मुनशी गेला." स्टँडवर तेच, भाजीच्या गुजरीत तेच, शाळेच्या फाटकाशी तेच. महेश दुकानाचं शटर खाली ओढत होता, तर एक बाई वाकून आत डोकावली आणि मलाच विचारते, "आज दुकान बंद हाय का? त्यो सिनेमातला मुनशी गेला म्हणून?" मग माझं तोंड बघितलं आणि पदर तोंडाला लावून पळाली बिचारी.

अरे, मुनशी तर तिसऱ्या भागातच मेला होता. लातूरच्या थेटरात मक्याच्या लाह्यांचा पुडा मांडीवर घेऊन मी त्याला जाताना पाहिलं होतं. सोमवारी गेला तो माझा धाकटा भाऊ होता. त्याला नाव होतं. आईनं हौसेनं ठेवलेलं, बाबांनी हाक मारताना निम्मं गिळलेलं, मी भांडताना 'मन्म्या' करून टाकलेलं. सगळा जन्म त्या मुंबईत घासलास आणि शेवटी गावानं तुला दुसऱ्याच कुणाच्या नावानं पोचवलं. मला राग आला. लई राग आला. रडू त्याच्या नंतर आलं, खरं तेच सांगते.

महेश म्हणाला, "आई, मामाबद्दल तुझ्या मनात आहे ते लिही, दिवसाच्या जेवणाला, आराधनेला, छापून वाटू." माझा पोरगा भांड्यांचं दुकान चालवतो, पण असल्या कल्पना त्याला बरोबर सुचतात. म्हणून लिहायला बसले. तू कुठं शिकलास, कोणत्या सिनेमात काय केलंस, ते पेपरवाल्यांनी लिहिलं आहे, निम्मं चुकीचं. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं रे, आणि अर्धं भांडण ठेवून जायची तुझी रीत नव्हती.

हे वाचणाऱ्यांत एखादा तरी ते सिनेमे न पाहिलेला निघेल, त्याच्यासाठी थोडं सांगते. तू कंटाळू नकोस. हेरगिरीचा हिंदी सिनेमा, तीन भागांचा. हिरो म्हणजे आपल्या देशाचा तरुण गुप्तहेर, आणि मुनशी म्हणजे त्याच्या कचेरीतला म्हातारा, ज्याच्या हाताखाली तो सगळं शिकतो. पहिल्या भागात हा मुनशी त्या पोराला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालतो, खोटं कसं बोलायचं ते शिकवतो, आजारपणात उशाशी बसतो. अख्खं थेटर त्याच्यावर जीव टाकतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी परदेशातल्या एका घरात पोरगा आत झोपलेला असतो, दुश्मनाची माणसं दार ठोठावतात, आणि मुनशी उठतो, चष्मा लावतो आणि शांतपणे आतली कडी काढतो. तिथं सिनेमा संपतो.

पहिला भाग आला तेव्हा काय कौतुक तुझं! स्टँडसमोर फ्लेक्स लागलं, 'शिरूरचा सुपुत्र', वर तुझं तोंड आणि खाली निम्म्या गावाची तोंडं. लग्नाच्या आहेराची भांडी घ्यायला येणारी माणसं ताटावर नाव घालून होईपर्यंत तुझ्याच गोष्टी करायची. म्हणून दुसऱ्या भागाला मी मोठ्या तोऱ्यात जीप ठरवली आणि आपली गल्ली लातूरला नेली. दशम्या घेतल्या, शेंगाची चटणी घेतली, चिवड्याचा डबा घेतला. शेजारची बांगड्यांच्या दुकानातली सुलतानाआपा मागं बसली होती आणि ड्रायव्हरशेजारी किशनराव हवालदार.

किशनराव म्हणजे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला. फौजेतून रिटायर होऊन आला आणि त्यानं पिठाची गिरणी टाकली. गाव अजून त्याला हवालदारच म्हणतं. पहिला भाग बघून हाच माणूस मला म्हणाला होता, "बाई, तुमच्या भावासारखा एक उस्ताद आम्हाला बी होता. लई जीव लावायचा."

येताना जीपमध्ये कुणी बोलेना. चिवड्याचा डबा माझ्या मांडीवर तसाच. माणसं अशी बाहेर बघत होती की मी काहीतरी चोरून आणलंय आणि ते त्यांना कळलंय. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "अहो, सिनेमा आहे तो! काय मयतीवरून आल्यासारखं बसलाय सगळे?"

किशनराव पुढंच बघत म्हणाला, "सिनेमा हाय ते कळतं मला, बाई. पण तोंड खरं होतं."

किशनरावच्या फौजेतल्या तुकडीतला एक पोरगा कुणाच्या तरी खबरीनं गेला होता. आणि ज्यानं खबर दिली, त्यानं आदल्या रात्री त्याच पोराला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. हे त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं. कडी काढताना तुझ्या तोंडावर जे आलं, ते त्यानं एकदा जिवंत माणसाच्या तोंडावर पाहिलं होतं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली घरी येऊन तुला फोनवर शिव्या घातल्या, की असलं काम घेतलंस कशाला? हिरोच्या बापाचं मिळत नव्हतं का?

मी तुला किशनरावचं वाक्य सांगितलं. तू मला ते दोनदा म्हणायला लावलंस. मग म्हणालास, "अक्का, मला आजवर कुणी बक्षीस दिलं न्हाई. हे त्यातलंच समज."

मी म्हटलं, "डोंबलाचं बक्षीस!"

पुढं गावानं तुझं काय केलं, ते तुला मी सगळं कधी सांगितलं नाही. तू आलास तेव्हा तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. फ्लेक्स उतरलं. ते कुठं गेलं, तर वाण्याच्या मळ्यात कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून. एसटीतून येताना तुला तुझंच तोंड उलटं, दगडांनी दाबलेलं दिसलं. दुकानात येऊन मला सांगताना काय हसत होतास! "अक्का, निदान कडबा तरी कोरडा ऱ्हायला." मला हसू येईना. लातूरचा कुणी बातमीदार कॅमेरा घेऊन आला आणि मला विचारतो, तुमच्या भावानं देशाशी बेइमानी करणारी भूमिका का स्वीकारली? मी त्याला म्हटलं, बाबा रे, कुकर घ्यायचा असेल तर घे, नाहीतर पुढचं गिऱ्हाईक उन्हात उभं आहे.

मग तिसरा भाग. या वेळी जीप नाही, काही नाही. मी आणि महेश एसटीनं गेलो. पोरगा कैदेतून सुटून येतो, मुनशीला हुडकून काढतो, पिस्तूल रोखतो आणि विचारतो, "क्यूं?" आता सांगशील, मग सांगशील म्हणून मी खुर्चीच्या टोकाला. आणि तू काय केलंस? हातातला चहाचा कप खाली ठेवलास. पोराजवळ गेलास. त्याच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती, ती लावलीस. कॉलर सारखी केलीस. आणि दार उघडून बाहेर निघून गेलास. बाहेर गोळीचा आवाज. कुणी मारली, कशासाठी मारली, काही नाही. संपलं.

मी थेटरात हुंदके देऊन रडले. महेशला वाटलं, मामाला गोळी लागली म्हणून आई रडते. "आई, अगं खोटं आहे ते," म्हणून माझा हात धरून बसला.

त्या गुंडीवरून काय काय झालं, बाप रे! नांदेडहून कॉलेजची दोन पोरं मोटारसायकलवर आली, खास तुझी बहीण म्हणून मला बघायला. त्यांचं म्हणणं, गुंडीत यंत्र होतं, मुनशीनं त्यातून शेवटची खबर आपल्याच माणसांना दिली, म्हणजे तो इमानदारच. एकानं मला मोबाइलवर ते चित्र थांबवून थांबवून दाखवलं. मी म्हटलं, "पोरांनो, गुंडीला चार भोकं असतात, यंत्र कुठं बसेल?" ती हिरमुसली. सुलतानाआपाचं निराळंच. "उनो मजबूर था अक्का. बेटी की जान का सवाल होंगा. मां-बाप क्या करते?" सिनेमात मुनशीला लेक नाही, हे तिला कुणी सांगायचं? तिनं त्याच्यासाठी मनानंच एक लेक करून दिली होती, अन् तिच्यापुरता तो सुटला होता. आणि बाकीचं गाव? बाकीचं गाव म्हणत होतं, गद्दार होता, शेवटी लाज वाटली, मेला, बरं झालं.

एक म्हणजे एक माणूस असा नव्हता की ज्याला काहीच वाटलं नाही. हे तू मला नंतर बोलून दाखवलंस. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

दम लागायला लागला आणि तू मुंबईचं बिऱ्हाड मोडून माझ्याकडं आलास, ती वर्षं मला देवानं वरकड दिली. तुझे दाजी गेल्यापासून दुकानाची ती खुर्ची रिकामी होती. तू तिच्यावर बसायला लागलास. व्यापारी म्हणून तू शून्य होतास. गिऱ्हाइकाला घागर वाजवून दाखवायचास आणि त्या आवाजातच रमायचास. गिऱ्हाईक भाव विचारून कंटाळून निघून जायचं. बायका भांडी घ्यायच्या निमित्तानं तुला बघायला यायच्या आणि लांबूनच जोखायच्या, की हा हसतो कसा, खातो कसा, गद्दारासारखा काही दिसतो का. तू त्यांना चहा विचारायचास. पण ते बसणं, ते दुपारचं आपलं बडबडणं, ते मला मिळालं. त्यासाठी मी कुणाचे आभार मानू, हे कळत नाही, म्हणून तुझेच मानते.

आणि ते दळण. आल्या आल्या तू हट्टानं गव्हाचा डबा उचललास आणि गिरणीवर गेलास. मी नको म्हणत होते. किशनरावनं डब्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "तुझं दळण मी न्हाई दळणार." तू डबा तसाच परत आणलास. आधी हसलास. मग माठापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिलास. मी गिरणीवर भांडायला निघाले, पदर खोचलासुद्धा, तर तू आडवा आलास. "नको अक्का. त्याचा राग खरा हाय. माझं काम त्याच्या जिव्हारी लागलं. त्याला काही बोलायचं न्हाई."

तेव्हापासून आपलं दळण महेश पार बाजारतळाच्या गिरणीवर नेऊ लागला. तू मात्र रोज संध्याकाळी फिरायला जाताना त्याच कोपऱ्यावरून जायचास. आणि किशनरावला नमस्कार घालायचास. तो मान फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता आपल्या भांडणावर येते. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांनी तुला बोलावलं. मागच्या रांगेत किशनराव होता, त्याच्या नातीचा नाच होता म्हणून. तुझं भाषण झालं, आणि सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, मुनशी गद्दार होता का हो?"

मला वाटलं, आली वेळ. आता हा सांगेल. नाही म्हणेल, मजबुरी होती म्हणेल, सगळ्यांसमोर एकदाचा निकाल लागेल. आणि तू त्या पोरीला उलट विचारलंस, "तुला काय वाटलं?"

ती म्हणाली, "मला वाटलं, त्याला लई एकटं वाटलं असंल."

तू मान डोलावलीस आणि खाली बसलास. एवढंच! मी घरी येईपर्यंत धुमसत होते. उंबऱ्यावरच सुरू झाले.

"एक शब्द बोलला असतास. किशनराव ऐकत होता. तुझं काय गेलं असतं?"

"खोटं झालं असतं."

"म्हणजे गद्दार होता तो?"

"तसं बी मी म्हणालो न्हाई."

"मग होता तरी काय मेला?"

तू पायरीवर बसलास, दम घेतलास. "अक्का, कडी काढताना मला आत जे झालं, ते मी तोंडावर ठेवलं. लोकं त्याच्यात आपापलं बघायलेत. मी त्याला नाव दिलं, तर ते तेवढंच उरंल."

"मग बस मूग गिळून. गाव तुला गद्दार म्हणत राहील."

"मला कुठं म्हणतंय? मुनशीला म्हणतंय."

"तुझ्याच तोंडाकडं बघून म्हणतंय की रे!"

तू हसायला लागलास, हसता हसता खोकला लागला, मी पाणी आणायला धावले, आणि भांडण तिथंच राहिलं. पुढंही कितीदा निघालं, कितीदा राहिलं.

तुला आज सांगते, माझ्याकडं एक हुकमाचं पान होतं आणि ते मी कधी टाकलं नाही. ती गुंडी. नांदेडच्या पोरांना काय कळणार? ती गुंडी माझी होती. आपलं जुनं घर याच गल्लीत; आई चुलीपाशी, तुला शाळेला तयार करायचं काम माझं. तेल लावून चापून भांग, आणि शर्टाची वरची गुंडी गळ्याशी बंद. "मास्तर म्हणतील घरात वळण नाही." तू मान वेडीवाकडी करायचास. "अक्का, गळा आवळतोय." मी कॉलर दोन्ही हातांनी सारखी करायची आणि पाठीवर थाप मारून दाराबाहेर ढकलायची. पडद्यावर तू अगदी तशीच, दोन्ही हातांनी, कॉलर सारखी केलीस. थेटरात मी रडले ते त्या गोळीला नाही रे. माझे हात पडद्यावर दिसले म्हणून रडले.

मग विचारलं का नाही? एवढं तोंड चालतं माझं, एवढंच कसं राहिलं? भीती वाटली. मी विचारलं असतं, आणि तू म्हणाला असतास, "न्हाई अक्का, ते डायरेक्टरनं सांगितलं होतं," तर? मला ते ऐकायचं नव्हतं. तू जसा मुनशीला नाव देईनास, तशी मीही माझी गुंडी मुठीत धरून बसले. आता वाटतं, आपण दोघं एकाच मातीचे. एकानं सांगायचं नाही, दुसरीनं विचारायचं नाही, आणि दिवसभर दुकानात बसून भांड्यांच्या भावावरून वाद घालायचा.

सोमवारी तू गेलास आणि घरात निराळाच प्रश्न उभा राहिला. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, नवे कपडे घालून बसवतात, आणि तसंच बसलेलं, तोंड न झाकता, भजन म्हणत गावातून मिरवत नेतात आणि बसलेलंच मातीला देतात. सगळं गाव चेहरा बघतं. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. एकानं महेशला बाजूला घेतलं. "बाजारातून न्यायचं म्हणजे... पोरं मोबाइल घेऊन उभी ऱ्हातील. एखादा वरडला गद्दार म्हणून, तर? गाडीत घालून मागच्या रस्त्यानं नेऊ. तोंडावर शाल टाकू."

मी आतून ऐकलं. बाहेर आले. म्हटलं, "माझा भाऊ जन्मभर तोंड दाखवून जगला. त्याचं कामच ते होतं. आज तोंड झाकून जाणार नाही तो. बाजारातूनच जाईल आणि बसूनच जाईल. ज्याला ओरडायचं त्याला ओरडू द्या, माझ्या समोर ओरडू द्या." भाऊबंद ट्रॅक्टर ठरवायला उठले. मन्मथ, तोंडानं बोलले खरी, पण कुणी खरंच ओरडलं तर मी काय करणार होते? तुझ्यासाठी त्या दिवशी मला एवढंच हवं होतं, की तू जाताना तुला कुणी वाईट बोलू नये. बाकी काही नको होतं.

तुला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. पांढरा नवा शर्ट, खांद्यावर शाल, मांडीवर हात आणि हातात इष्टलिंग. त्या गर्दीत हार घालणारे घालत होते, जंगम स्वामी मंत्र म्हणत होते, मला कुणी पुढं होऊ देईना, आणि तुझी वरची गुंडी उघडीच राहिली. ट्रॅक्टर हलला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी महेशला म्हणतेय, थांबव, थांबव, पण टाळांच्या आवाजात त्याला ऐकू जाईना.

बाजार भरला होता रे माणसांनी. माड्यांवर बायका, ओट्यांवर पोरं. मी ट्रॉलीला धरून चालत होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, याच्या तोंडून निघतंय का, त्याच्या तोंडून निघतंय का. सुलतानाआपा दुकानाच्या पायरीवर उभी राहून डोळे पुसत होती. एका ओट्यावरून कुणी लहान पोरगं म्हणालं, "मुनशी!" मी गर्रकन वळले. पण ते नुसतं दाखवत होतं, बोट करून, आपल्या आज्याला. आजा म्हणाला, "व्हय. हात जोड."

आणि मग आपला कोपरा आला. गिरणी चालू होती. ट्रॅक्टर जवळ आला तशी ती बंद झाली. किशनराव बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. टाळ थांबले. मला वाटलं, झालं. जे मी टाळत होते ते आता, ऐन कोपऱ्यावर, या माणसाच्या तोंडून.

तो ट्रॉलीच्या चाकावर पाय ठेवून वर चढला. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. तुझ्यासमोर उभा राहिला आणि तुझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग वाकला, तुझे हार जरा बाजूला केले आणि तुझ्या शर्टाची वरची गुंडी लावली. दोन्ही हातांनी कॉलर सारखी केली. पिठाची बोटं उमटली कॉलरवर.

शिरूरमध्ये तो सिनेमा न पाहिलेलं कोण आहे? सगळ्या बाजाराला कळलं. एक आवाज आला नाही, मन्मथ. माडीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

खाली उतरून तो माझ्याजवळ आला. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या पिठात उतरलं होतं. म्हणाला, "बाई, आराधनेचं दळण हिकडंच पाठवा. दुसरीकडं न्यायचं न्हाई." मी मान डोलावली. खरं सांगू? माझं मन भरून आलं होतं आणि त्याच वेळी मला त्याचा हेवाही वाटला. ती गुंडी लावायचा मान माझा होता.

स्मशानात बायका जरा मागंच थांबतात. मी थांबले नाही. खड्ड्यात तुला बसवायच्या आधी स्वामींना म्हटलं, एकच मिनिट. तुझ्याजवळ गेले. कॉलरवर किशनरावच्या बोटांचे ठसे होते, ते तसेच ठेवले. आणि वरची गुंडी काढली. गळ्यापाशी शर्ट मोकळा केला.

महेश म्हणाला, "आई, हे काय? हवालदारांनी लावली होती ना."

त्याला काय सांगू? लावली तो गावाचा मान, मन्मथ, तो तुला पोचला. पण रोज शाळेला जाताना, आता गिरणी आहे त्या कोपऱ्यावर वळलास की तुझा हात गळ्याशी जायचा. मी ओट्यावर उभी राहून बघत असायची. मला रोज दिसायचं रे.

अक्का